चौतीस फुटांची चीर

जगातली सगळी मोठी कामं होऊन गेलेली आहेत, आता माणसाच्या हाती उरल्या आहेत त्या किरकोळ दुरुस्त्या, असं म्हाताऱ्या करवत्याचं ठाम मत होतं. हे मत तो रोज सकाळी दात घासता घासता मांडत असे. त्यामुळे त्यातलं निम्मं फेसाबरोबर मोरीत जाई, आणि उरलेलं ऐकायला सून थांबत नसे.

मोठी कामं असं तो म्हणे खरा, पण त्याच्या लेखी ते काम एकच होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानं बत्तीस फुटांची तुळई एका चिरेत काढली होती. चीर कुठे सूतभर हलली नव्हती. ती अजून गावच्या गोदामाच्या छपराखाली होती. घरी पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी करवत्या त्याला गोदामात नेई, तुळईखाली उभा करी आणि मान वर करायला लावी. पाहुण्याची मान दुखायला लागली की गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली असं तो समजे. गावात सगळे त्याला बत्तीसफुटे म्हणत. नव्या पोस्टमनला ते आडनावच वाटलं आणि त्यानं वहीत तसं लिहून घेतलं. करवत्यानं ते दुरुस्त केलं नाही.

एकदा शाळेच्या मास्तरांनी शिडी लावून तुळई टेपनं मोजली. तीस फूट सात इंच भरली. आठवडाभर गाव पोट धरून हसलं. करवत्या मात्र जराही डगमगला नाही.

"टोकं भिंतीत गेलीत," तो म्हणाला.

"किती गेलीत?"

"ते भिंतीला विचारा."

भिंत बोलली नाही आणि बत्तीस फूट तसेच राहिले.

करवतीला दोन मुठी असतात. ओंडका उंचावर आडवा टाकायचा, एकानं त्याच्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खालच्या चरात. वरची मूठ करवत्याची, खालची त्याच्या बायकोची. बावीस वर्षं त्या दोघांनी अशी लाकडं चिरली. गोष्टीत बायकोला चार शब्द होते, 'आणि खाली ही होती'. हे शब्द आले की ती चहाचं आधण ठेवायला उठे. पाहुण्यांना वाटे, बाई लाजली. तिला फक्त एवढंच कळलेलं असे की गोष्ट संपायला आता आधण उकळण्याइतकाच वेळ आहे.

मग गावात सॉ मिल आली आणि करवत माळ्यावर गेली. मुलगा त्याच मिलमध्ये मशीनवर लागला. बापानं महिन्याला चिरलं असतं तेवढं लाकूड तो जेवणाच्या सुट्टीआधी चिरे, आणि घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. बापाला तेच खुपायचं. एवढं काम करून माणूस गप्प बसतो म्हणजे काय? करवत्या आता कुदळींना दांडे बसवी, खुर्च्यांचे पाय सारखे करी आणि दांडा घ्यायला आलेल्यालाही जाता जाता बत्तीस फूट ऐकवी.

त्या वर्षीच्या पुरानं ओढ्यावरचा साकव नेला.

ओढा तसा रुंद नव्हता, पण काठ सरळ तुटलेले आणि तळाला मांडीभर चिखल. शाळा, दवाखाना, दूध केंद्र सगळं पलीकडे. अलीकडे नुसती माणसं. वळसा घालून जायचं तर अडीच तास. दूधवाल्याचं दूध तेवढ्यात नासे. मग ते परत घेऊन येताना तो वाटेत भेटलेल्या कुणाशी बोलत नसे. शाळेत मास्तर एकटेच जात, रिकाम्या बाकांची हजेरी घेत आणि परत येत. पक्का पूल मंजूर झालेला होता. तो दर तीन वर्षांनी मंजूर व्हायचा.

जाता जाता पुरानं एक उपकार केला होता. अलीकडच्या काठावरचं एक जुनं झाड मुळासकट उपटून काठाला समांतर झोपवलं होतं. सरळसोट, खोडाला फांदी नाही.

एका सकाळी मास्तर आणि दूधवाला अंगणात येऊन बसले.

"काका, एक काम होतं," मास्तर म्हणाले. "ते झाड उभं चिरायचंय. बरोबर मधोमध. दोन तुळया होतील. सपाट बाजू वर ठेवून फळ्या ठोकल्या की साकव झाला."

"मिलला न्या. आमच्या चिरंजीवांकडे मशीन आहे."

चिरंजीव पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. "मशीनवर सोळा फुटांच्या पुढचं लाकूड बसत नाही," तो म्हणाला. "आणि तिथून ते ओढून आणायचं कसं? ट्रॅक्टर काठावर नेला तर काठासकट ट्रॅक्टर खाली."

"मग सोळा-सोळाचे तुकडे करा."

"सोळाच्या तुळईवरून अर्ध्या ओढ्यापर्यंत जाता येईल," मास्तर म्हणाले. "पुढे पोरांनी उड्या मारायच्या."

"ती हातातली मशीनं असतात ना, भर्रर्र करणारी?"

"काल एका फांदीवर करून बघितलं," मुलगा म्हणाला. "आडवं तोडायला ठीक आहे. उभं चिरायला गेलो तर चीर सापासारखी गेली."

करवत्यानं पाय लांब केले.

"म्हणजे मशीनला जमत नाही."

"नाही."

"जरा मोठ्यानं सांग. सून आत आहे."

"सून इथेच आहे, दारात," आतून बायको म्हणाली. "आत मी आहे. आणि करवत कुठे ठेवलीय ते मलाच ठाऊक आहे, तेव्हा काय ते मला धरून ठरवा."

सगळे झाडापाशी गेले. मास्तरांनी टेपचं एक टोक दूधवाल्याच्या हातात दिलं, दुसरं घेऊन शेंड्याकडे चालत गेले.

"चौतीस फूट दोन इंच."

करवत्याचा चेहरा बदलला. तो खोडाच्या कडेनं सावकाश चालत गेला, शेंड्याशी वाकला, बोटानं ठोकून ऐकलं आणि म्हणाला, "टोकाला कीड आहे."

"कुठे?"

"आत."

"दिसत तर नाही."

"दिसली असती तर ती आतली कशी म्हणायची? अडीच फूट कापून टाकावं लागेल."

मास्तरांनी मनात वजाबाकी केली. "एकतीस फूट आठ इंच राहतात."

"तेवढे पुष्कळ झाले."

"काका, ओढाच बत्तीस फुटांचा आहे. दोन्ही काठांवर फूट-फूट टेकायला नको?"

करवत्या ओढ्याकडे असा बघत राहिला, जणू थोडं आग्रहानं सांगितलं तर तो आकसेल. तोवर बायकोनं शेंड्याचं साल नखानं काढलं, आतलं लाकूड चाचपून बघितलं, हुंगलं.

"लाकूड स्वच्छ आहे," ती म्हणाली. "कीड असेल तर तुमच्या बत्तीसात असेल."

दूधवाल्याला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. त्यानं ते ओठांतच ठेवलं.

"चौतीस तर चौतीस," करवत्या म्हणाला. घरदार दान करून टाकणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा त्याचा आवाज लागला होता.

पण खरी धास्ती वेगळीच होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. झाड एकच होतं आणि त्याला चीर एकच बसणार होती. ती मध्ये कुठे ढळली तर एक तुळई जाड, एक पातळ, आणि साकव घालायला दोन्ही निकामी. मग गाव म्हणणार, बत्तीस फूटही नशिबानंच निघाले असतील. चूक उद्या व्हायची आणि धुऊन जायची ती सत्तावीस वर्षांपूर्वीची कमाई. या वयात माणसाकडे दुसरं असतं काय?

गावानं दोन दिवस झाडाखालून चर खणला. पुरुषभर खोल आणि दोघं उभे राहतील इतका रुंद. खोडाला खालून जागोजागी टेकू दिले. तेवढ्यात नवरा-बायकोनं करवत जागी केली. तिच्या अंगावर गंजाचा थर चढला होता. बायकोनं पातं गुडघ्यांत धरलं, करवत्यानं कानस चालवली. शहाण्णव दात. एक दात या बाजूला वळवायचा, पुढचा त्या बाजूला, म्हणजे चीर पात्याहून रुंद पडते आणि करवत अडकत नाही. बोलणं काही नव्हतं. मध्येच तो नुसता हात पुढे करी आणि ती त्यावर तेलाचं फडकं ठेवी.

सून चहा घेऊन आली, बराच वेळ उभी राहिली आणि मग नवऱ्याला जाऊन म्हणाली, "तुझ्या आईबाबांना बोलावंच लागत नाही. आपण मीठ मागताना भांडतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेरूत भिजवलेली सुतळी खोडावर ताणून सोडली. वर एक लाल रेघ उठली. तशीच एक खालच्या बाजूला. करवत्या वर चढला. मुलानं हात पुढे केला तो त्यानं बघितला नाही असं केलं. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा दम खाऊन, पण आपला आपण चढला. बायको चरात उतरली. तिचा उजवा खांदा तीन वर्षांपासून धरलेला होता. त्याबद्दलही घरात कुणी बोलत नसे.

"आई, मी उतरतो खाली," मुलगा म्हणाला.

"उतरून बघ."

तो उतरला. दहा मिनिटांत त्यानं पातं दोनदा वाकवलं. मशीनवरच्या माणसाला लाकूड ढकलायची सवय असते. इथे करवत खाली ओढायची आणि मग सोडायची असते, आणि मोकळेपणी सोडणं हे ओढण्यापेक्षा अवघड. तो गुपचूप वर आला आणि हातोडी घेऊन पाचरी ठोकायला बसला. करवत जशी पुढे सरके तशी मागची चीर पाचरीनं उघडी ठेवावी लागते, नाहीतर लाकूड मिटतं आणि पातं चावतं.

खर्र-खस, खर्र-खस. दोन्ही काठांवर माणसं जमली. पलीकडून एक गवळण वळसा घालायचा सोडून बसून राहिली. फूट झाला. दोन झाले. ऊन चढलं तसं खोडावरची लाल रेघ करवत्याला दिसेनाशी व्हायला लागली. सगळं खोडच पांढरं दिसे. तो डोळे बारीक करी, घाम पुसल्यासारखं करी आणि सवयीवर हात मारी. खालून बायको अधूनमधून खोकत होती. भुसा तिच्या केसांवर, पापण्यांवर, मानेवर पडत होता.

सहा फूट झाले तेव्हा मुलानं हातोडी खाली ठेवली.

"बाबा, थांबा जरा."

"काय झालं?"

"आई खोकली की तुमचा हात फिरतो."

"तिला खोकला आहे. जुना आहे. भुशाचा."

"तसं नाही. एकदा खोकली की हात गावाकडे फिरतो. दोनदा खोकली की ओढ्याकडे. मघापासून बघतोय."

करवत्यानं मूठ सोडली. करवत चिरेत तशीच उभी राहिली.

"अगं," तो खाली वाकून म्हणाला, "तू मुद्दाम खोकतेस?"

"मग काय हौस म्हणून?" चरातून आवाज आला. "खालची रेघ तुम्हाला कुठून दिसणार? ओढ्याकडे सुटली की एकदा, गावाकडे सुटली की दोनदा."

"बावीस वर्षं?"

"सुरुवातीला तोंडानं सांगितलं होतं. लग्नाला चार महिने झाले होते. 'ओढ्याकडे जातेय' एवढंच म्हटलं, तर करवत टाकून दोन दिवस घरात पडून राहिलात. तेव्हापासून खोकते."

"मला सांगायचं तरी."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. हात तर बरोबर फिरायचा."

"मी तुला खोकल्याचं औषध आणलं होतं," तो म्हणाला. "तीन बाटल्या."

"हो ना. मला वाटलं, चारचौघांत फार खोकतेस म्हणून टोमणा मारताय."

"मग प्यायलीस का काय?"

"एक प्यायले. गोड होती. दोन सासूबाईंना दिल्या. त्यांना खरा होता."

दूधवाला तोंड फिरवून ओढ्याकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

करवत्या खोडावर खाली बसला. पाय दोन बाजूंना सोडून, घोड्यावर बसतात तसा. मग तो हळूच म्हणाला, "त्या बत्तीसाच्या वेळी तू फार खोकत होतीस."

"त्या वेळी लाकूडच फार वाकडं होतं."

तेवढ्यात तिनं खालून पातं पुसून घेतलं.

मास्तरांनी चीर तपासली. खालची रेघ बरोबर होती. वरची सहा फुटांत बोटभर ओढ्याकडे सुटली होती. बोटभर चालण्यासारखं होतं, त्याच्या पुढे नाही. आणि राहिले होते अठ्ठावीस फूट.

"ऊन उतरल्यावर बघू या, काका," मास्तर म्हणाले. "उजेडाचा त्रास होत असेल."

हा दरवाजा मास्तरांनी मोठ्या सभ्यपणे उघडून दिला होता. करवत्याला त्यातून सहज बाहेर पडता आलं असतं. त्यानं एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा रेघ असायला हवी होती तिकडे पाहिलं.

"रेघ दिसत नाही मला," तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण काठावरच्या प्रत्येकानं तो ऐकला, आणि ऐकला नाही असं दाखवण्यासाठी प्रत्येकाला काहीतरी काम सापडलं. मुलानं हातोडीचा दांडा निरखून पाहिला. दूधवाल्यानं रिकामा कॅन उघडून आत डोकावून बघितलं. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं भिंतीला साक्षीला धरून अर्धा इंचही सोडला नव्हता, त्यानं एका वाक्यात सगळे चौतीस फूट सोडून दिले होते. असं वाक्य बोलायला बत्तीस फूट चिरण्यापेक्षा जास्त दम लागतो. पण ते गोदामात टांगून ठेवता येत नाही.

"तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय," तो पुढे म्हणाला. "आणि माझे खांदे अजून चालतात. ये वर."

"वर मी कधी उभी राहिलेय?" बायको म्हणाली.

"खालून बघत तर होतीस."

ती वर आली. कमरेला कापड करकचून आवळलं. चप्पल काढून खोडावर उभी राहिली आणि पायांच्या बोटांनी साल पकडलं. करवत्या चरात उतरला. खाली सावली होती, आणि रेघ डोळ्यांपासून हातभरावर होती. त्याला ती स्वच्छ दिसली, पोरीच्या भांगासारखी सरळ.

खर्र-खस. दहा-पंधरा ओढी नीट गेल्या. मग त्यानं मोठ्यानं सांगितलं, "ओढ्याकडे जातेय."

करवत थांबली.

"मी घरी जाऊन दोन दिवस बसू का?" वरून आवाज आला.

काठावर हशा झाला. करवत्याही हसला, आणि हसताना तोंड उघडलं म्हणून त्याच्या घशात भुसा गेला.

त्यानंतर तो खोकूनच सांगायला लागला. पण खोकणं ही कला आहे हे त्याला त्या दुपारी कळलं. खरा खोकला मधेच घुसे आणि वरची मूठ भलतीकडे वळे.

"अहो, यातला खरा कुठला आणि कामाचा कुठला?"

"आत्ताचा खरा होता."

"मग खरा आला की मूठ सोडून द्यायची. मला कळेल."

"तू कशी करायचीस? तुला खरा येत नव्हता?"

"यायचा की. गिळायचे."

त्यानं मूठ पकडली आणि ओढली.

दिवसाला आठ-नऊ फूट. त्यापेक्षा जास्त त्या दोन शरीरांत नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही. सून सकाळ-दुपार जेवण घेऊन यायची. करवत्या चरातच बसून जेवायचा, कारण वर चढून परत उतरण्यात जेवणाहून जास्त ताकद जायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी फुटले. मुलानं कापड गुंडाळून दिलं. भुसा कानात, नाकात, कॉलरमधून पाठीवर उतरायचा आणि घामात भिजून खाजायचा. मान सतत वर. त्यानं आयुष्यभर पाहुण्यांना तुळईखाली उभं करून माना वर करायला लावल्या होत्या. ते पाव तास असायचं. हे दिवसभर होतं.

वर बायको वेगळीच दिसत होती. घरात ती कमरेत वाकून चालायची. खोडावर ती ताठ होती. करवत वर घेताना दोन्ही हात डोक्यावर जात, आणि धरलेला खांदा आधी कुरकुरला, मग मुकाट्यानं कामाला लागला. खाली ओढण्याचा भार आता नवऱ्यावर होता. तिला उचलायचं होतं आणि नजर ठेवायची होती. ती रेघेकडे बघतच नसे असं वाटे. रेघेच्या पुढे हातभर, जिथे करवत अजून पोचायची होती, तिथे तिची नजर असे. मुलगा पाचरी ठोकता ठोकता हे सगळं बघत होता. तिसऱ्या दिवशी मिलमधून निरोप आला की मशीन बंद पडलंय, ये. त्यानं निरोप आणणाऱ्याला बसवून घेतलं आणि म्हणाला, "मशीन काय, उद्याही असेल."

चौथ्या दिवशी दोन फूट उरले. दुपारनंतर आभाळ भरून आलं. पाऊस आला असता तर चर भरला असता, टेकू सुटले असते आणि अर्धवट चिरलेलं खोड पिळून फाटलं असतं. आणि नेमकी तिथेच, बुंध्याशी, गाठ निघाली.

करवत थांबली. ओढली तर दात कुरकुरले.

"गाठ आहे," वरून.

"कळलं," खालून.

"जोर लावू नका."

"लावत नाही."

"मी म्हणेन तेव्हा. वीतभरच."

"हूं."

वीतभर ओढायचं, सोडायचं. पुन्हा वीतभर. तेलाचं फडकं पात्यावरून फिरे, दात तापून त्याचा वास येई. करवत्याचे फोड कापडातून ओले झाले होते. एकदा त्याला खरा खोकला आला. त्यानं तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, पण मूठ हलली नाही. वर बायकोनं मान किंचित तिरकी केली, जणू तिनं तो न आलेला खोकला ऐकला होता.

थोड्या वेळानं करवतीचा आवाज बदलला. जाडा होता तो पातळ झाला. गाठ सुटली होती. मग पंधरा-वीस सरळ लांब ओढी, पाऊस येतोय की नाही ते न बघता, आणि शेवटी एक कोरडा आवाज झाला, लाकडानं श्वास सोडल्यासारखा. खोड हळूच उघडलं. दोन तुळया टेकूंवर एकमेकींपासून हातभर लांब झाल्या आणि मधून करवत्याला चार दिवसांत पहिल्यांदा सरळ आभाळ दिसलं. पाऊस ओढ्याच्या पलीकडून निघून चालला होता आणि पुन्हा कडक ऊन पडलं होतं.

मास्तरांनी टेप काढली. दर दोन फुटांवर मोजत गेले. दूधवाला त्यांच्या मागे मागे, आकडे पुटपुटत.

"कसंय?" मुलानं विचारलं.

"सहा फुटांवर बोटभर फरक आहे," मास्तर म्हणाले. "तिथून पुढे शेवटपर्यंत सूतभरही नाही. उद्या फळ्या ठोकायला घेऊ."

"ते बोटभर माझं," चरातून करवत्या म्हणाला. "कुणी विचारलं तर सांगा. तेवढं माझं."

लोकांनी त्याला हात देऊन वर काढलं. या वेळी त्यानं हात घेतला. तो नखशिखांत पिवळा झाला होता, भुवया दिसत नव्हत्या. अलीकडच्या काठावर शाळेची पोरं गोळा झाली होती. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दूधवाला म्हणाला, "काका, बोला आता दोन शब्द. आता नाही बोललात तर कधी बोलणार?" आणि सगळ्यांनी मनाची तयारी केली. सत्तावीस वर्षं एकच गोष्ट ऐकलेली माणसं ती. आज नवी ऐकायला मिळणार म्हणून खाली बसायच्या बेतात होती.

करवत्यानं घसा साफ केला.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "वर बघा."

सगळ्यांनी वर पाहिलं. ती अजून तुळईवर उभी होती, गावाकडच्या, करवतीच्या मुठीवर हात ठेवून. केस सुटलेले, कपाळावर भुसा. टाळ्या थांबल्या. मास्तरांनी नकळत टोपी काढली. करवत्या मान वर करून उभा राहिला आणि त्याची मान दुखत होती तरी त्यानं ती खाली केली नाही.

तिनं एकदा चिरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग माणसांकडे पाहिलं. बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं तसं दूधवाल्यानं मागच्यांना हातानं गप्प केलं.

"माझी चप्पल त्या झुडपापाशी राहिलीय," ती म्हणाली. "तेवढी इकडे द्या कुणीतरी. लाकूड फार तापलंय."